जिथे चप्पल तिथे माणूस

रियाधमधल्या अल सुलैच्या गोदामांच्या मागे एका कंपनीचा कॅम्प आहे. कंपनीचं नाव सांगत नाही, नाव घेऊन तिची लायकी वाढवायची नाही. मॉल, हॉटेलं, मोठमोठे हॉल यांना गार हवा नेणारे पत्र्याचे डक्ट ही कंपनी बसवते. आणि ते डक्ट बसवणारी माणसं ज्या खोल्यांत झोपतात, तिथला एसी म्हाताऱ्यासारखा खोकतो, थुंकतो आणि बंद पडतो. तक्रार केली की मिसरी, म्हणजे इजिप्तचा, फोरमन म्हणतो, "बुकरा." म्हणजे उद्या. तो उद्या अजून उजाडायचाय.

पण या कॅम्पात एक गोष्ट अशी आहे की जी अख्ख्या हिंदुस्थानात नाही. इथे कोर्टाचा निकाल त्याच दिवशी लागतो.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली, बिर्याणी पोटात गेली की किचनमागच्या सावलीत कोर्ट बसतं. न्यायाधीश मोहियुद्दीन चाचा. हर्णैचा माणूस, कॅम्पाचा भंडारी म्हणजे स्वयंपाकी, दाढी पांढरी आणि जीभ तिखट. बसायला उलटा टोप, हातात कालथा. कालथा टोपावर दोनदा वाजला की कोर्ट सुरू. पट्टेवाला पाटणचा धोंडीराम, कारण त्याचा आवाज डोंगरापलीकडे जाणारा. इथे काही लिहून ठेवत नाहीत. निकाल लागला की धोंडीराम तो ओरडून सांगतो आणि सगळ्यांनी मागून तीनदा म्हणायचा. मग तो कायदा. नंतर कोणी "असं ठरलंच नव्हतं" म्हणाला तर चाळीस तोंडं त्याला खायला उठतात.

गाजलेल्या खटल्यांना नावं आहेत. बांगडा खटला: सुका बांगडा सगळ्यांनी खाल्ला तरी वास ज्याच्या कपाटातून येईल, जबाबदार तो. मोबाईल खटला: हा बुद्धिबळातला. धोंडीराम स्वतःच आरोपी होता. आपली पाळी असताना "पोट बिघडलंय" म्हणून उठायचा, संडासात बसून मोबाईलला चाल विचारायचा आणि येऊन असा घोडा हलवायचा की समोरच्याचा वजीर आणि हत्ती एकदम कात्रीत. चार डाव जिंकल्यावर लोकांच्या लक्षात आलं की याचं पोट फक्त अडचणीच्या वेळीच बिघडतं. चाचांनी निकाल दिला, "ज्याची पाळी, तो चटईवर नसेल, तर त्याचा डाव गेला." तीनदा म्हटलं गेलं. कायदा झाला.

आता आपला माणूस. नागेश घाणेकर, गुहागरचा, डक्ट फिटर. अंगानं किडकिडीत, त्यामुळे अरुंद डक्टमध्ये सरपटत जायचं काम त्याच्याच वाट्याला. आत पालथं पडून स्क्रू पिळता पिळता तो कानात मोबाईलचा एक बोळा घालून खटले ऐकत असे. सिनेमा नाही, गाणी नाहीत, खटले. देशातले, परदेशातले, गाजलेले. लोक त्याला "वकीलसाहेब" म्हणून चिडवत. बुद्धिबळात तो भिकार होता, हे इथेच सांगून टाकतो, नंतर गैरसमज नको.

ऑक्टोबरात फोरमननं बातमी आणली. रियाधला बायकांची टेनिसची वर्षअखेरची मोठी स्पर्धा, जगातल्या पहिल्या आठजणी येणार. त्या हॉलच्या गार हवेचं काम कंपनीकडे. फायनलच्या दिवशी एक फिटर हॉलमध्ये हजर पाहिजे, काही बिघडलं तर. "एक नाव द्या. भांडणं माझ्याकडे आणू नका. खलास."

भांडणं लगेच सुरू झाली. फुकटची गार हवा, गळ्यात पास आणि टीव्हीवर दिसायचा चान्स! शेवटी चाचांनी कालथा आपटला. "बुद्धिबळ. जो जिंकेल तो जाईल. भिकाऱ्यांनो, निदान डोकं वापरून भांडा."

दोघांनी मात्र ही गोष्ट मनावर घेतली. एक दापोलीचा फकरुद्दीन परकार. कॅम्पातला बुद्धिबळाचा बादशहा, वेल्डिंगमध्येही बादशहा, आणि फुशारकीत तर खलिफाच. त्यानं पहिला डाव मांडायच्या आधीच बायकोला फोन केला, "सादिया, फायनलला टीव्ही लावून बस, मी दिसेन." सादियानं मोहल्ल्यातल्या बाया बोलावून ठेवल्या.

दुसरा नागेश. त्याचं कारण वेगळं होतं आणि ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

त्याची मुलगी संपदा चिपळूणला शाळेमागच्या सिमेंटच्या कोर्टावर टेनिस खेळायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत ती हरली, आणि हरली ती समोरच्या पोरीमुळे नाही. सर्व्हिस करताना तिचा पाय सारखा रेषेवर पडायचा. चेंडूला रॅकेट लागायच्या आधी पायाचं बोट रेषेला लागलं की सर्व्हिस बाद. पुन्हा पुन्हा बाद. मैदानाभोवतीची शहाणी मंडळी हसली. तेव्हापासून पोरगी फोनवर "हं" शिवाय बोलत नव्हती. "जेवलीस का?" "हं." "अभ्यास?" "हं." बाप तीन वर्षं वाळवंटात, आणि पोरीकडे त्याच्यासाठी एक अक्षर. त्यातही अनुस्वार जास्त.

टेनिसची बातमी त्यानं अशीच सांगितली, काहीतरी बोलायचं म्हणून. मग संपदा म्हणाली, "पप्पा, तुम्ही जाल? मग एकच बघा. त्यांचे पाय बघा. टीव्हीवर नुसती तोंडं दाखवतात, सर्व्हिसच्या वेळी पाय कुठे ठेवतात ते नीट दिसतच नाही. मागून बघा, पायच बघा."

तीन वर्षांत पोरीनं मागितलेली ही पहिली गोष्ट. सायकल नाही, मोबाईल नाही. पाय.

"बघतो," नागेश म्हणाला. आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण थाप मारली आहे, कारण मधे फकरुद्दीन आहे.

डाव सुरू झाले. फकरुद्दीन एकेकाला चिरडत निघाला. त्याची पद्धतच अपमानाची. समोरचा विचार करत असला की हा उठून जायचा, कोळंबी परतायचा, बायकोशी बोलायचा, येऊन उभ्या उभ्या चाल करायचा. पाळी समोरच्याची असताना उठायला कायद्याची हरकत नव्हती. नागेश मात्र नशिबानं पुढे सरकला. एकाची ड्युटी लागली, एकाला ताप आला, आणि धोंडीरामला मोबाईलशिवाय चाली सुचेनात. फायनल ठरली: नागेश विरुद्ध फकरुद्दीन, पंधरा दिवसांनी, शुक्रवारी.

"वकीलसाहेब," फकरुद्दीन म्हणाला, "आताच माघार घे. इज्जत तरी राहील."

"इज्जत तुझ्याकडे ठेवायला देतो," नागेश म्हणाला. "डाव झाल्यावर परत दे."

बोलला खरा, पण बोर्डावर आपलं काही खरं नाही हे त्याला कळत होतं. त्या दिवशी डक्टमध्ये पालथा पडलेला असताना कानात केशवानंद भारती खटला चालू होता. केरळातल्या एका मठाचे स्वामी जमिनीच्या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले. तेरा न्यायाधीश बसले. स्वामींच्या पदरात म्हणावं असं काही पडलं नाही, पण त्याच खटल्यात कोर्टानं सांगून टाकलं की घटनेचा गाभा सरकारलाही मोडता येणार नाही. त्याआधी एक अमेरिकेतला खटला ऐकला होता. एका माणसाला नेमणुकीचा कागद हवा होता. कागद मिळाला नाही, पण त्याला नाही म्हणता म्हणता कोर्टानं सरकारचे कायदे रद्द करायची ताकद स्वतःकडे ओढून घेतली. नागेशचा स्क्रू हातातच राहिला. म्हणजे ज्याच्या नावानं खटला गाजतो तो माणूस हात हलवत घरी जातो, आणि कायदा मागे उरतो! बुद्धिबळात नाही का, प्यादं मारायला द्यायचं आणि त्याच्या मोबदल्यात वाट उघडून घ्यायची.

"मग एक प्यादं द्यायला काय हरकत आहे?" तो डक्टमध्ये मोठ्यानं म्हणाला. खालून हेल्पर ओरडला, "कुछ बोला क्या?"

"नहीं," नागेश म्हणाला. "नहानेका सोच रहा हूँ."

खरंच तो आंघोळीचाच विचार करत होता. कॅम्पात पाण्याचा टँकर येतो, त्याला इथे वायट म्हणतात. वायट आला की तासाभरापुरतं नळाला जोर. बाथरूमं चार, माणसं चाळीस. म्हणून माणसं रांगेत उभी राहत नाहीत, चपला राहतात. ज्यानं आधी चप्पल ठेवली त्याचा नंबर आधी, माणूस तोवर कुठेही लोळत पडो. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, माहीत नाही. पण त्या रांगेला कायद्याचा आधार नव्हता. कोर्टात तो प्रश्न कधी आलाच नव्हता.

तो आणायचं काम नागेशनं केलं. गुरुवारी पहाटे फकरुद्दीनच्या चपला रांगेत पहिल्या होत्या आणि फकरुद्दीन खोलीत घोरत होता. नागेशनं सगळ्यांदेखत त्या चपला पायानं बाजूला सारल्या, आत गेला, आणि आतून मोठ्यानं गाऊ लागला, म्हणजे फकरुद्दीनला जाग यावी.

शुक्रवारी कोर्टात फकरुद्दीन फिर्यादी होता आणि पेटलेला होता.

"चाचा, यानं माझ्या चपलेला लाथ मारली! म्हणजे मला लाथ मारली!"

"चपलेला पाय लावला, तुला कुठे लावला?" नागेश मवाळपणे म्हणाला. "चप्पल म्हणजे चप्पल. रबर."

"रबर? अरे, अख्खा कॅम्प चपला ठेवून जातो, सगळे काय रबराला आंघोळ घालतात? जिथे माझी चप्पल, तिथे मी!"

"पण तू तर खोलीत होतास. घोरत होतास, साक्षीदार आहेत."

"खोलीत माझं नुसतं धड होतं!" फकरुद्दीन छाती ठोकून म्हणाला. "माणूस रांगेत होता. चपलेत होता!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नागेशनं डोकं खाजवलं, गोंधळल्यासारखं केलं. "म्हणजे चप्पल तिथे असली की तू तिथे, आणि धड असेल तिथे तू नाहीस?"

"नाही! लिहून घे!"

"लिहायची पद्धत नाही," नागेश म्हणाला. "चाचा, माझं म्हणणं संपलं."

चाचांनी कालथा वाजवला. धोंडीरामनं गर्जना केली, "जिथे चप्पल तिथे माणूस! धडाला किंमत नाही!" चाळीस तोंडांनी तीनदा म्हटलं. सगळ्यात मोठा आवाज फकरुद्दीनचा. शिक्षा म्हणून नागेशनं आठवडाभर फकरुद्दीनची मासळी साफ करायची.

संध्याकाळी नागेश शेरी माशाचे खवले काढत शीळ घालत बसला होता. धोंडीराम जवळ येऊन उकिडवा बसला. "वकीलसाहेब, खटला हरून शिट्टी? डोस्क्यावर परिणाम झाला काय?"

"धोंड्या, कोर्टात हरायला पण अक्कल लागते."

"मासळी साफ करायला लागतीया, अक्कल कसली त्यात?"

नागेशनं सुरी जोरात ओढली. एक खवला उडून धोंडीरामच्या मिशीत बसला.

पुढच्या शुक्रवारी किचनमागे चटई अंथरली. अख्खा कॅम्प गोळा झाला. चाचा टोपावर. नागेश बसला तो आपल्या चपला मांडीखाली घेऊन.

"बुडाखाली चपला कसल्या घेतोस रे मेल्या?" फकरुद्दीन हसला.

"मूळव्याध आहे," नागेश म्हणाला. "टेकू लागतो."

डाव सुरू झाला आणि नागेश मार खाऊ लागला. घोडा गेला. उंट गेला. फकरुद्दीननं एका घोड्यानं एकदम दोन मोहऱ्यांवर नेम धरला, राजाला शह आणि खाली हत्ती. राजा हलवला, हत्ती गेला. लोक हसत होते. नागेशचं लक्ष बोर्डावर कमी आणि फाटकाकडे जास्त. शुक्रवारी वायट जुम्म्यानंतर चहाच्या सुमाराला यायचा. आज त्याचा पत्ता नव्हता. नागेश एकेका चालीला इतका वेळ लावू लागला की प्रेक्षकांत दोघांनी झोप काढली.

"यल्ला रे! मरायला एवढा विचार लागत नाही!"

"घाईत मेलेला माणूस भूत होतो," नागेश म्हणाला आणि एक प्यादं देऊन टाकलं. मग दुसरं. देण्यासारखं आता फार काही उरलं नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला. पोरीचा आवाज कानात, "मागून बघा, पायच बघा." शहाणपण करायला गेलो आणि टँकरनं दगा दिला तर? पुन्हा "हं" वर आयुष्य काढायचं?

आणि वायटचा भोंगा वाजला.

जत्रेत बैल उधळावा तसा कॅम्प उधळला. माणसं पळाली, चपला टाकून अनवाणी परत आली. पाळी नागेशची होती, म्हणजे फकरुद्दीन मोकळा होता. तो उठला, धावत गेला, दोघांना ढकलून आपल्या चपला पहिल्या नंबराला ठेवल्या आणि राजासारखा अनवाणी परत येऊन बसला. सवयच ती. आईच्या दुधासारखी अंगात भिनलेली.

"झाली तुझी चाल?"

"ही घे." नागेशनं राजा एक घर सरकवला. "आता पाळी कोणाची?"

"माझी. आणि ही शेवटची. मात आहे." फकरुद्दीननं वजीर उचलला. हात हवेत.

"तक्रार!" नागेश ओरडला. "चाचा, कोर्ट बसवा! पाळी फकरुद्दीनची आहे आणि फकरुद्दीन चटईवर नाही!"

फकरुद्दीननं स्वतःकडे पाहिलं, मग नागेशकडे. "आंधळा झालास काय? हा काय बसलोय!"

"हे धड आहे," नागेश म्हणाला. "धडाला किंमत नाही. तुझ्या चपला बाथरूमच्या रांगेत, म्हणजे तू रांगेत. तूच म्हणालास, तीनदा म्हणालास, सगळ्यात मोठ्यानं म्हणालास. आणि मोबाईल खटल्याप्रमाणे पाळी असताना जो चटईवर नाही, त्याचा डाव गेला."

एक क्षण कोणाला काही कळलं नाही. मग धोंडीरामला कळलं. तो जमिनीवर आडवा झाला आणि पाय झाडत हसू लागला. "मासळी! म्हणून शिट्टी! आयला, म्हणून शिट्टी!"

"हा कायदा नाही, हरामखोरी आहे!" फकरुद्दीन वजीर हातात धरून नाचू लागला. "चाचा, तो निकाल रद्द करा! माणूस तो माणूस, चप्पल ती चप्पल! हाच गाभा आहे, गाभा मोडता येत नाही! हा नागेशच तर आम्हाला सांगत असतो!"

चाचांनी दाढी खाजवली. मुद्दा बिनतोड होता. "रद्द करतो," ते सावकाश म्हणाले. "आत्ता करतो. पण मग या घटकेला रांगेत ज्यांच्या चपला आहेत, त्यांचा कोणाचाच नंबर लागलेला नाही. चालेल?"

"नाही!" चाळीस तोंडं एकदम. अनवाणी पायांची ती गर्दी चाचांवर चालूनच आली. माणसाला न्याय पाहिजे असतो, पण आपली आंघोळ सोडून नाही. हे देशातही तसंच आहे, इथेही तसंच.

"मग निकाल कायम. डाव नागेशचा."

पण फकरुद्दीन काही उगीच बादशहा नव्हता. त्याचे डोळे चाचांच्या पायांकडे गेले. तिथे पाय होते, नुसते पाय. काळवंडलेले, भेगाळलेले, अनवाणी.

"चाचा," तो गोड आवाजात म्हणाला, "तुमच्या चपला कुठे आहेत?"

चाचांनी पायांकडे पाहिलं.

"रांगेत," चाचा पुटपुटले.

"मग कोर्टात न्यायाधीश नाही! निकाल दिला कोणी? धडानं?"

आता मात्र नागेश फसला. एवढं सगळं करून हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. फकरुद्दीननं त्याचंच हत्यार त्याच्यावर उलटवलं होतं. त्यानं मांडीखालच्या चपला घट्ट धरल्या, जणू त्याही कोणी ओढून नेईल.

चाचा उठले. टोप काखेत मारला, कालथा कमरेला खोचला. "धोंड्या, पुकारा कर. कोर्ट हलतंय."

"कुठं?"

"न्यायाधीश आहे तिथे. बाथरूमला."

मग मिरवणूक निघाली. पुढे धोंडीराम, मागे चाचा टोप घेऊन, मागे चाळीस माणसं, शेवटी नागेश चपला पायात घालून, फटफट आवाज करत. रांगेत चाचांच्या चपला फकरुद्दीनच्या चपलांच्या मागेच होत्या. चाचांनी त्यांच्यात पाय घातले, टोप उलटा मांडला, बसले आणि कालथा वाजवला.

"आता मी हजर. फिर्यादी नागेश हजर, पायात चपला आहेत. आरोपी फकरुद्दीन..." त्यांनी पुढच्या चपलांकडे बोट केलं. "तोही हजर. पण चटईपासून लांब. डाव नागेशचा. खलास."

धोंडीराम गर्जला. सगळ्यांनी तीनदा म्हटलं. फकरुद्दीननं तोंड फिरवलं, चपला उचलल्या आणि आंघोळीला निघून गेला. निदान तो नंबर त्याचा पक्का होता. आतून बराच वेळ शिव्या ऐकू येत होत्या, दापोलीच्या, रियाधच्या आणि काही मिसरी.

टेनिसच्या फायनलच्या दिवशी दुपारी कंपनीची गाडी आली. नागेशनं सेफ्टी बूट चढवले, हत्यारांची पिशवी घेतली. आठवडाभर एक शब्द न बोललेला फकरुद्दीन फाटकाशी उभा होता. "नीट बघ," एवढंच म्हणाला.

हॉलला पोचल्यावर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, गळ्यात पास अडकवला आणि सुपरवायझरनं त्याला नेलं ते कोर्टाच्या मागच्या भिंतीआड, एका अरुंद बोळात. मशिनं, फिल्टर, पत्रा. "इथेच बसायचं. बाहेर पाय टाकायचा नाही. बाहेर व्हीआयपी आहेत."

दार बंद झालं. भिंतीपलीकडे हजारो माणसं टाळ्या वाजवत होती, आणि नागेशला दिसत होता एक फिल्टर. या कंपनीच्या सात पिढ्यांचा त्यानं उद्धार केला. गार हवा आमच्या हातची, आणि आम्हाला भिंत! टॉक, टॉक, चेंडूचा आवाज येत होता. खेळ सुरू झाला होता.

मग त्याचं लक्ष खाली गेलं. हॉलमधली हवा परत मशिनकडे यायला भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत, लोखंडी जाळी होती. पुढे फिल्टर होता. फिल्टर तपासणं तर त्याचं कामच. त्यानं स्क्रूड्रायव्हरसाठी पिशवीत हात घातला आणि हाताला रबर लागलं.

अरबी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या फकरुद्दीनच्या चपला.

नागेश त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याला इतकं हसू आलं की तोंडात रुमाल कोंबावा लागला.

त्यानं फिल्टर काढला, सवयीनं पालथा पडला आणि जाळीला डोळा लावला. खेळणारीचं तोंड दिसेना, रॅकेट दिसेना, गुण दिसेनात. जाळी इतकी खाली होती की फक्त एक गोष्ट दिसत होती. पांढरी रेषा आणि तिच्यामागे दोन पाय. अगदी समोर, अगदी मागून.

तो सगळा सेट त्यानं पायच पाहिले. डक्ट बसवणाऱ्याची नजर, सूतभर चुकलं तर हवा गळते. मध्ये खेळ थांबला तसा त्यानं फोन लावला.

"संपदा, ऐक. पुढचा पाय रेषेजवळ नसतोच गो. वीतभर मागं. आणि तो हलतच नाही, खिळा ठोकल्यासारखा. मागचा पाय सरकत येतो, त्याच्या टाचेला टेकतो, आणि मग दोन्ही उचलतात."

"वीतभर मागं?" पोरीचा आवाज चढला. "एवढी मोठी प्लेअर आणि मागं उभी राहते? पप्पा, मी तर रेषेला चिकटून उभी राहते! आणि पुढच्या पायाचा अंगठा? जाळीकडे की बाजूला? आणि दुसरीचं कसं आहे? तिचा मागचा पाय येतो की तिथेच राहतो? थांबा, मी अंगणात जाते, तुम्ही सांगा, मी करून बघते. आई, रॅकेट दे गं! पप्पा, बोला ना!"

नागेशनं फिल्टरच्या धुळीत बोटानं रेषा ओढली आणि तिच्यामागे दोन पाय काढले. मग त्यानं सांगितलं, अंगठा, टाच, वीत, बोट, सगळं. ती विचारत राहिली, तो सांगत राहिला. "हं" एकदाही आलं नाही.

फोन ठेवतो न ठेवतो तोच पुन्हा वाजला. फकरुद्दीन.

"पोचलो का रे मी?"

"पोचलास. माझ्याच पिशवीतून आलास, मेल्या."

"मग सादियाला सांगतो, हॉलमध्ये आहे म्हणून. कायद्यानं खरं आहे ना?"

"पूर्ण खरं. तीनदा म्हटलेलं आहे."

"बरं. आता एक कर, चाचाला फोन लावून दे. आज कोळंबीचं कालवण आहे आणि तो मला वाढत नाहीये. म्हणतो, फकरुद्दीन इथे नाहीच, तो टेनिस बघायला गेलाय, धडाला जेवण नाही!"

"बरोबर बोलतोय चाचा," नागेश म्हणाला आणि फोन कापला. मग पिशवीतल्या चपला काढून जाळीसमोर नीट शेजारी शेजारी मांडल्या, पुढचा अंगठा कोर्टाकडे करून, आणि स्वतः थोडा बाजूला सरकून पालथा पडला, म्हणजे फकरुद्दीनलाही नीट दिसावं.